कॅमेरा मुलीच्या नावे

मी, खाली सही करणारा, धंद्याने इस्त्रीवाला, नववीपर्यंत शिकलेला, पूर्ण शुद्धीत आणि कुणीही भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहीत आहे. उद्या माझे अपेंडिक्सचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे. मला किरकोळ गोष्टींचीच धास्ती वाटते.

१. घर भाड्याचे असल्याने कुणाला देता येत नाही. मात्र बाथरूम ही बायकोची फोटो धुण्याची डार्करूम आहे व ती तशीच राहील. दारावरचा लाल दिवा लागला की कुणीही कडी वाजवू नये, मग ती माझी आई का असेना. घाई असल्यास खालच्या शिंपीणमावशींकडे जावे. त्यांना कल्पना दिली आहे.

२. माझी इस्त्री मावशींना. दुपारी मुलीला त्या सांभाळतील. "इस्त्री नको, पोर तेवढी दे," असे त्या म्हणाल्या. तरी दोन्ही घ्यावे.

३. आमच्यासारख्या परदेशी आलेल्यांच्या तान्ह्या मुलांचे पासपोर्टचे फोटो बायको काढते. तेव्हा मागे नुसते पांढरे दिसावे म्हणून मूल मांडीवर धरून पांढऱ्या चादरीखाली मी बसतो. ही जागा दादाकडे जावी. मला काही झाले तर तो मुलीला मायदेशी नेतो म्हणतो. त्याऐवजी त्याने इथे येऊन चादर पांघरावी. तो फोनवर म्हणाला होता, "मूल झालं की कॅमेरा सुटतोच."

"भावोजी, तुम्हाला मूल झालं तेव्हा तुमचं काय सुटलं?" बायकोने विचारले.

"झोप."

"मग माझीही तेवढीच सुटू द्या."

दादा अजून फुगून बसला आहे. मी त्याला माफ करतो.

४. पण मुलगी झाल्यापासून बायकोने स्वतःच्या मनाचा एकही फोटो काढलेला नाही. परवा म्हणाली, "तुला काही झालं तर कॅमेरा विकून टाकीन. हिला आई लागेल, फोटोवाली नाही." कॅमेऱ्याची पावती माझ्या नावे आहे. सबब तो मी मुलीला देत आहे. ती सज्ञान होईपर्यंत तो तिच्या आईने सांभाळावा. पडून राहिलेला कॅमेरा बिघडतो, म्हणून तो रोज वापरावा, आणि पासपोर्टसाठी नव्हे. तो विकणे किंवा पेटीत ठेवणे ही लेकीच्या मालमत्तेची हेळसांड समजावी.

५. "आणि धडधाकट घरी आलास तर?" बायकोने वाचून विचारले. तर बाकीची कलमे रद्द. चौथे आजपासून लागू.

साक्षीदार: शिंपीणमावशी ("अपेंडिक्सने कुणी मरत नाही रे," असे सुनावून सही केली), घरमालक (पहिले कलम दोनदा वाचून).

ठिकाण: राहती खोली. दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस.

सही: मुलीचा बाबा. बायको कॅमेरा घेऊन बाहेर गेली आहे व मुलगी माझ्या मांडीवर आहे, त्यामुळे सही वाकडी आली आहे. ती माझीच आहे.