तुझ्या सायकलीतून तुला काढलं, म्हणून

विनू,

सवयीने आधी चि. लिहिलं आणि मग खोडलं. ते आता तुला लागू नाही.

लिहायला बसलो, कारण आज दुपारी तुझ्या सायकलीतून आम्ही तुला काढून टाकलं. तुझ्या बायकोचं म्हणणं, हे पाप आहे. असेल. पण ते तुला बापाने सांगितलेलं बरं. माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं आयुष्य शिलाई मशीनवर गेलं. तेव्हा सायकलीच्या त्या बटणांबद्दल काही चुकीचं लिहिलं तर हसू नकोस. तसा हसण्यात तू पहिल्यापासूनच निर्दयी!

ती सायकल पंचवटीतल्या आपल्या बोळात आणलीस तो दिवस आठवतो? गिअरला तारच नाही म्हणून अर्धी गल्ली बघायला जमली होती. हँडलच्या दोन्ही बाजूंना एकेक बटण. दाबलं की मागे बारीक मोटर कुरकुरते आणि चेन उडी मारून दुसऱ्या चक्रावर जाते. मी आपलं विचारलं, "आणि ऐन घाटात बॅटरी संपली तर? पावसात करंट बसला तर?"

तू सगळ्यांसमोर म्हणालास, "आबा, तुमच्या तिरडीलासुद्धा इंडिकेटर बसवू. मागून कोणी धडकायला नको!"

गल्ली हसली. मीही हसलो. पण तिरडी निघाली तुझी. इंडिकेटर राहू दे, बोळाच्या तोंडाशी कोणाचा तरी टेम्पो आडवा लागला होता. चौघांना तुला तिरका करून बाहेर काढावं लागलं.

मी आयुष्यभर ट्रकला भ्यालो रे. देवळ्याकडून, सटाण्याकडून कांदा भरून येणारे ते ट्रक, आणि त्यांच्या कडेने तू. आणि गेलास कशाने? डासाने! डेंग्यूने! दहाव्याला आलेले लोक मला म्हणतात, "पण रोज सायकल चालवायचा की हो, तब्येत किती काटक!" जसं काही मी त्यांना खोटं सांगून बोलावलं होतं.

असो. मूळ गोष्ट सईची आहे.

गणपती उठल्यावर तुझ्या लेकीने सायकल माळ्यावरून खाली काढली. कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर सप्तशृंगी गडावर सायकलने जायचं ठरलंय म्हणाली. नांदुरीचा तो घाट, वळणावळणाचा! मी नाही म्हटलं. मला या घरात कोण विचारतं?

पण सायकल तुझ्या हाताला लागलेली. सगळ्या जगाची बटणं अशी असतात, की उजवं दाबलं की गिअर जड, डावं दाबलं की हलका. तू फोनवरून ती उलटी करून ठेवलेली. का, ते मला माहीत आहे. तू डावखुरा. तुझी आई प्रसाद घेताना तुझा डावा हात मागे धरून ठेवायची, तरी घाई झाली की तोच पुढे यायचा. मेल्यावरही तोच पुढे!

सईला हे ठाऊक होतं. सपाटीवर तिच्या लक्षात राहायचं. चढावर दम लागला की हात विसरायचा. बदलायचं तर तुझाच फोन लागणार, आणि तो माधुरीने कपाटात कुलपात ठेवलेला. ती म्हणायची, "त्यांच्या हातचं तेवढं एकच उरलंय. शिकेल सई त्याच्यावर."

शिकली! मागच्या रविवारी पेठ रस्त्याच्या चढावर ती सराव करत होती. मी शेजाऱ्याला गळ घालून त्याची व्हॅन तिच्या मागे नेलेली. चढाच्या मध्यावर तिने हलका करायला डावं बटण दाबलं. एकदा, दोनदा, घाबरून पुन्हा. गिअर आणखी जड, आणखी जड. पाय फिरेना. पोरगी उभ्याउभी रस्त्यात आडवी झाली.

मागून पेठची जीप. माणसांनी भरलेली. करकचून ब्रेक दाबून थांबली ती सईच्या केसांजवळ. ड्रायव्हर खाली उतरून ओरडला, "ए पोरी! मरायचं तर दुसऱ्या गाडीखाली मर! माझ्या गाडीत लेकरंबाळं हायेत!"

मी आधी तिला उचलून कडेला घेतलं. तू असतास तर भांडला असतास. पण तू असतास तर ती पडली कशाला असती?

घरी आल्यावर मी माधुरीकडे फोन मागितला.

"तुम्हाला पोटचा मुलगा पुसून टाकायची एवढी घाई का हो, आबा?"

"मेलेल्याची बटणं सांभाळू की जिवंत पोर?"

"जीप थांबली ना पण?" ती म्हणाली.

विनू, ती वाईट बाई नाही. पण हे ती म्हणाली. सईने हाताचं बँडेज बघत तिला उत्तर दिलं, "थांबली नसती तर भिंतीवर पप्पांच्या शेजारी जागा आहेच, आई. एका हारात दोघांचं भागलं असतं."

मग आठवडाभर फोन कपाटातच राहिला. आज जेवणं झाल्यावर माधुरीने फोन आणला आणि माझ्या मांडीवर टाकला. हातात दिला नाही, टाकला.

सईचा एक हात बांधलेला, दुसऱ्यात तिचा फोन, म्हणून दाबायचं काम माझ्याकडे. सायकल तुझ्या फोनला बांधलेली होती. ती आधी तिथून सोडवायची, म्हणजे तुझी उलटी बटणं जाऊन मुळातली येतात, मग सईच्या फोनला बांधायची. वर लिहिलं होतं, विनायकची सायकल. सई म्हणाली, "आबा, आता लाल दाबा."

"परत आणता येतं का?"

"नाही."

"नीट वाच. दुसरं काही पुसलं जाईल का? फोटोबिटो?"

"आबा, दाबा ना!"

दाबलं. तुझं नाव गेलं. आवाजसुद्धा झाला नाही! मागून माधुरीने विचारलं, "झालं?" अमरधाममध्ये चिता पेटल्यावर विचारतात ना, अगदी तसं.

मग सईने मोकळ्या हाताने मागच्या गिअरजवळचं बटण दाबून धरलं, हिरवा दिवा लुकलुकला. चाक वर उचलून धरायला माणूस हवा होता. माझ्याने उचलेना. माधुरी आली, पदर खोचला आणि चाक उचललं, मी पायडल फिरवलं. सईने उजवं दाबलं, जड. डावं दाबलं, हलका. पुन्हा पुन्हा दाबून बघितलं. माधुरी सगळा वेळ चाकाकडे बघत होती.

मला म्हणाली, "आता खूश?"

मी म्हटलं, "हो."

खोटं कशाला लिहू? खूशच होतो. लेकाला पुसून खूश होणारा बाप बघितला होतास कधी? एवढा हुशार तू, सायकल दुसऱ्या हातात जाईल हे कसं सुचलं नाही तुला? का सगळं जग डावखुरं आहे असंच धरून चालला होतास?

आता शेवटचं. गडावर जायचा दिवस आणि तुझं वर्षश्राद्ध एकाच रविवारी आलंय. भटजी म्हणतात, दुपारच्या आत पान ठेवा. माधुरी म्हणते, त्या दिवशी पोरीने घर सोडायचं नाही. या वेळी मी दोघांचंही ऐकलेलं नाही.

तुला शब्द देतो. सई गडावर जाईल. मी व्हॅन घेऊन मागे जाणार नाही. तुझं पान ती परत आल्यावर, तिच्या हाताने वाढून, मगच गच्चीवर ठेवीन. उशीर होईल. कावळे कंटाळून निघून गेले तरी चालतील. तोवर उपाशी राहा. घाटात गेलेल्या पोराची वाट बघणं काय असतं, ते एक दिवस तूही बघ.

तुझा,
आबा