कोपऱ्यातलं बोट

रविवार संध्याकाळ, बोईसर

आबांच्या वर्षश्राद्धाला माझी धाकटी बहीण सुमन सफाळ्याहून आली आणि पंगतीत सांगत बसली, "आबांनी शेवटचं पानी मागितलं तवा मी पायथ्याशीच व्हते. उजव्या कोपऱ्यात काळोख व्हता."

काळोख कसला! ते माझं बोट. फोनवर आबांचा तो शेवटचा व्हिडिओ काढताना कॅमेऱ्यावर आलेलं. ही तेव्हा सासरी होती. तो व्हिडिओ बघून बघून माझी जागाच बळकावली बाईनं.

सगळ्यांदेखत तोंडावर सांगितलं. रडली. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं मला.

हात धुताना म्हणाली, "ताई, मी नव्हते. पन आबा पानी मागत व्हते, तवा तू फोनच धरून व्हतीस ना?"

मघापासून आबांचा चेहरा आठवून बघतेय. दर वेळी कोपऱ्यात ते बोट येतंच.