वाऱ्याकडे पाठ

ता. ९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही तिघेही खुशाल, माझा खोकला सोडून. फोनवर तू त्याच्यावरूनच माझी हजेरी घेतेस, म्हणून हे पत्र. पत्रात खोकला ऐकू येत नाही.

संग्रहालयाने शाळांना वाटायला तीनशे हातकुऱ्हाडी मागवल्या आहेत. साच्यातल्या नकोत, आदिमानव करायचा तशाच हव्यात: दगडावर गोटा हाणायचा नि कपच्या उडवत धार काढायची. चार लाख वर्षांपूर्वीच्या त्या बाबाला एक पुरत असेल, मला मार्चअखेर तीनशे द्यायच्या आहेत. बाहेर वारं बोचतं, त्यामुळे मागच्या खोलीत दार लावून बसतो. पण माझी हुशारी बघ, पंखा पाठीशी ठेवलाय, धूळ तोंडावर येतच नाही.

ठमी शाळेतून आली की समोर खिडकीपाशी बैठक मारते नि स्वतःच्या छोट्या गोट्याने ठोकत बसते. आठ वर्षांची चिमुरडी, पण दगड कुठे फुटेल ते तिला बरोबर कळतं. तिची आई म्हणते, एक दगडफोड्या घरात होता तो काय कमी होता!

माया आहेच, बोलणी जरा कमी कर.

तुझा,
दगडू


ता. १६ जानेवारी

चि. दगडूस,
अनेक आशीर्वाद.

मला हसवू नकोस. बावीस वर्षं इस्पितळात छातीचे फोटो काढते आहे मी. खाणीतली, दगड घडवणारी माणसं येतात, बहुतेक तुझ्याच वयाची. जिना चढून आली की भिंत धरून उभी राहतात नि मला सांगतात, काही नाही, साधा खोकला आहे. फोटोत वरच्या बाजूला साखर सांडावी तसे पांढरे ठिपके असतात. ती धूळ एकदा आत बसली की निघत नाही रे.

मला भीती वाटते आहे, सरळच सांगते. लहानपणी तू तळ्यात पडलास तेव्हाही अशीच घाबरले होते, पण तेव्हा केसांना धरून तुला ओढता आलं.

उद्याच्या उद्या फोटो काढ नि मला पाठव. काम बंद ठेव. नाकातोंडाला काय बांधतोस तेही कळव, आणि खरं कळव. सबबी सांगण्यात तू लहानपणापासून पटाईत आहेस.

रागावले आहे, तरी तुझीच,
ताई


ता. २ फेब्रुवारी

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

ह्यांना न सांगता लिहिते आहे, रागावू नका. ह्यांनी फोटो काढला, पण तो कपाटावर टाकून दिला नि मला म्हणाले, सगळं ठीक आहे. ठीक असतं तर चार जणांना दाखवला असता. सोबत पाठवते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

नाकाला रुमाल बांधतात, तोही आठवण केली तर. आडवं पडून झोप येत नाही, तीन उशा लागतात. काम थांबवा म्हटलं तर म्हणतात, थोड्याच राहिल्यात.

आणखी एक लिहायचं आहे. ठमीलाही महिनाभर खोकला आहे. परवा मी स्वयंपाकघरात होते, मागच्या खोलीतून खोकण्याचा आवाज आला, आणि तो बापाचा की लेकीचा, हे मला ओळखता येईना. तशीच धावले.

तुम्ही काय ते सांगा. मी दुसऱ्या कोणाला विचारू?

तुमचा आधार आहे, तो राहू द्यावा.

तुमची,
भावजय


ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हिने फोटो पाठवला ते कळलं. तुझं उत्तर नऊ दिवसांत आलं नाही, त्यावरून काय ते समजलो.

पण लिहायचं वेगळंच आहे. काल संग्रहालयाच्या उत्खननावर गेलो होतो. तिथल्या संशोधक बाईंना जुन्या माणसांची दगड घडवायची जागा सापडली आहे. जमिनीवर कपच्यांचा सडा आणि मधे रिकामी जागा, मांडी घालून बसलेल्या माणसाएवढी. तो उठून गेला आणि ती जागा तशीच राहिली. बाई म्हणाल्या, बारीक चुरा सगळा एकाच अंगाला आहे, म्हणजे तो उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून बसला असावा. माझ्यासारखाच, म्हटलं.

मग त्यांनी दुसरी जागा दाखवली, लहान. तिथे वेडेवाकडे ठोके घालून वाया घालवलेले दगड होते, शिकाऊ हाताचे. ती जागा त्याच्या पाठीमागे होती ताई. चुरा तिकडे गेलाच नव्हता. पोराला त्याने मागे बसवलं होतं. त्याला छातीतलं काय कळणार? डोळ्यांत जाऊ नये, एवढंच कळत असेल.

आणि मी ठमीला समोर बसवली. पंखा माझ्या पाठीशी, धूळ सगळी तिच्याकडे. तीन महिने, रोज. तिचा खोकला ऐकू येत नव्हता असं नाही. शाळेतून आणला असेल म्हणून सोडून दिला.

पंखा काढला, खोलीला कुलूप लावलं. उद्याच्या गाडीने ही ठमीला घेऊन तुझ्याकडे येते आहे. मी येत नाही. तू तिचा फोटो उजेडासमोर धरशील तेव्हा तिथे उभं राहण्याची माझी छाती नाही.

काय असेल ते सगळं लिही. या वेळी सबब सांगणार नाही, तूही सांगू नकोस.

तुझा,
दगडू


ता. १५ फेब्रुवारी

चि. दगडूस,
अनेक आशीर्वाद.

आधी ठमीचं. फोटो स्वच्छ आहे. मी तीनदा पाहिला, मग मोठ्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी सांगितलं, आत्ता काही दिसत नाही, पण ही धूळ उशिराही दिसते. दर वर्षी फोटो काढायचा. तेव्हा माझी भीती गेलेली नाही, तुझीही जाऊ नये.

तुझा फोटो स्वच्छ नाही. नऊ दिवस रोज लिहायला बसले नि रोज कागद फाडला. जे ठिपके आहेत ते राहणार. वाढू नयेत एवढंच हातात आहे, म्हणून आता एकही दगड फोडायचा नाही. राहिलेल्या कुऱ्हाडी संग्रहालयाने साच्यातून काढाव्यात.

आता एक ऐक. फोटो काढताना मी ठमीला म्हटलं, श्वास धर. तिने इतका वेळ धरला की मीच घाबरले. एवढा कसा गं धरतेस, विचारलं. तर म्हणाली, बाबा घाव घालतात तेव्हा मी रोजच धरते. का, म्हटलं. म्हणाली, मला त्याची भीती वाटते, पण बाबांना सांगू नको, मग ते मला समोर बसू देणार नाहीत.

मी तुला सांगितलं. काय करू, तुला कळायलाच हवं होतं.

मशीन बंद झाल्यावर आम्ही माणसांना म्हणतो, सोडा आता श्वास. ठमीला दोनदा म्हणावं लागलं. छाती असो नसो, पहिली गाडी पकडून ये नि तिसऱ्यांदा तू म्हण.

वाट बघते आहे,
ताई