वड्यांवरून थेट दुक्सपदी

ओंगार, डब्लिन

ती. अलकनंदावन्सं,

नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना उतरताना घाई करू नका. मी आणि मुक्ता बऱ्या आहोत. वेळेवर जेवतो.

फोनवर मला बोलायला जमलं नाही, म्हणून लिहिते. मला फार भीती वाटते आहे.

विलास ॲथलोनजवळच्या मंडळात जायचा, ते तुम्हाला ठाऊक आहे. (लोखंडी टोप घातलेला त्याचा फोटो पाहून तुम्ही 'कुठल्या नाटकात आहे हा?' असं विचारलं होतंत.) ही माणसं हौसेने पोशाख घालून शेवटच्या काळातलं रोमन सैन्य उभं करतात आणि लुटुपुटूच्या लढाया लढतात. रोमचं राज्य आयर्लंडमध्ये कधी आलंच नाही, याची त्यांना अडचण वाटत नाही. त्या सैन्याचे दोन भाग. बादशहाबरोबर फिरणारी फौज, तिचा प्रमुख मॅगिस्टर. आणि सीमेवर कायम बसलेली फौज, तिचा प्रमुख दुक्स. फिरती फौज मदतीला येईपर्यंत सीमेवाल्यांनी नुसता तग धरायचा. विलास दुक्स होता. मात्र दुक्सच्या हाती शिपाई असले तरी धान्य दुसऱ्या अधिकाऱ्याकडे असे, म्हणजे कोणाला बंड सुचत नसे. ते धान्य माझ्याकडे होतं. (बटाटेवडे.) मी गाडीत डबे सांभाळत बसायची, कोणाशी बोलावं लागत नसे.

परवा इमन घरी आला. हा मंडळाचा मॅगिस्टर, एरवी प्लंबर. म्हणाला, त्या काळी शिपाईगिरी घराण्यात चालायची, तेव्हा या रविवारच्या लढाईत दुक्स तूच. मी सांगितलं, आमच्यात नवरा गेल्यावर वर्ष होईपर्यंत समारंभाला जात नाहीत. तो म्हणाला, "समारंभ कसला, शुभदा? सगळे मरतात त्यात." मग लालबुंद झाला, उठला, कप विसळले आणि भलत्याच कपाटात ठेवून आला.

मी शेवटचं अस्त्र काढलं. म्हटलं, "फौज आणि धान्य एका हातात नको, हा तुमच्या मंडळाचाच नियम." त्याचे डोळेच भरून आले. "हे अगदी विलाससारखं बोललीस!" म्हणाला, आणि वडे तळायचं काम स्वतःकडे घेतलं. वन्सं, इमन वडे तळणार! मुक्ता म्हणते, "आई, यू'ल बी ग्रँड." म्हणजे मस्त जमेल तुला. इथे बुडत्या माणसालाही हेच सांगतात.

रविवारी गॉलवेकडची धिप्पाड मंडळी शत्रू होऊन आरडाओरडा करत अंगावर येणार. माझ्यामागे ढालींची ओळ, आणि मी हुकूम दिल्याशिवाय कोणी हलायचं नाही. माझा आवाज दुकानात 'एक्सक्यूज मी' म्हणायलासुद्धा पुरत नाही. विलासचा टोप अजून पेटीतच आहे. आतल्या कापडाला त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास असेल. गॉलवेवाल्यांपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटते.

प्रकृतीला जपा.

तुमची,
शुभदा

ता. क. खरं काम असं आहे. तुम्ही घरातल्या मोठ्या. 'वर्ष होण्याआधी असलं काही चालणार नाही' असं तुमच्या हातचं पत्र पाठवा. इंग्रजीत लिहा, इमनला दाखवता येईल. चांगलं कडक असू दे.

पुन्हा ता. क. आत्ता मागच्या अंगणात एकदा ओरडून पाहिलं. शेजाऱ्यांचं कुत्रं खाली बसलं. मुक्ता हे पत्र फोटो काढून फोनवर पाठवते आहे. तुम्ही मात्र तसं करू नका. कडकच लिहा, पण साध्या टपालाने टाका. रविवारच्या आत ते इथे पोचता कामा नये.