ज्या गेजनं पहिलं माप

बाबा, आज मी आमच्या साहेबांना तोंडावर नाही म्हणाले. तुम्ही असतात तर तुमचं वाक्य ठरलेलं होतं, ‘मोठ्यांच्या तोंडी लागू नये.’ मी लागले, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. ज्या गोष्टीसाठी भांडले ती तुमच्याच घरची शिकवण आहे, तेव्हा ऐकून घ्या.

तुम्ही रेल्वेच्या कारखान्यात डब्यांची चाकं मोजायचात, किती झिजली ते बघायचात, आणि आपलं गेज, ते झीज मोजायचं माप, कुणाच्या हाती देत नसायचात. घरी दर दिवाळीला स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीनं माझी उंची मांडायचात. एका वर्षी मी आईच्या टाचेच्या चपला घालून उभी आहे, परकराआड लपवून. तुम्ही रेघ ओढता, खाली बघता. ओला फडका घेऊन रेघ पुसून टाकता आणि मग म्हणता, ‘ज्या गेजनं पहिलं माप, त्याच गेजनं दुसरं. नाहीतर वाढली कोण, तू की चपला?’ त्या दिवाळीची माझी रेघ चौकटीवर कधी उमटलीच नाही. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते.

आता मी मेंदू मोजते. हसू नका. इथे झाशीतच एका संशोधनात वयस्कर माणसांच्या डोक्याचा एमआरआय काढतात आणि दोन वर्षांनी पुन्हा काढतात. मेंदूच्या वरच्या थराची जाडी, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, संगणक त्या चित्रांवरून काढतो. तो थर कुणाचा पातळ होतोय, एवढंच बघायचं असतं. दुसऱ्या फेरीच्या वेळी मी प्रोग्रॅमची नवी आवृत्ती टाकली आणि दोन सेटिंगही बदलली, कारण त्यात चित्र जास्त स्वच्छ दिसत होतं. पहिल्या फेरीचे आकडे मात्र जुन्याच प्रोग्रॅमचे राहिले. म्हणजे चपला पुन्हा मीच घातल्या, आणि या वेळी खाली बघणारं कुणी नव्हतं.

निकालात सगळ्यांचेच थर पातळ निघाले. साहेब खूश झाले, ‘देखिए मैडम, कितना साफ़ असर है.’ त्या भरात त्यांनी झाशीजवळच्या मोठ गावातल्या एका निवृत्त मास्तरीणबाईंच्या मुलालाही सांगून टाकलं. बाई सत्तरीच्या, दर वेळी बसनं एकट्या येतात आणि ऑटोवाल्याशी भाव करून मगच बसतात. त्यांचा मला फोन आला, ‘बिटिया, लल्ला ने घर की चाबी लै लई. कहत है, अम्मा, तुमाओ दिमाग पतरो हो गओ, अब अकेली कहूँ नईं जानें.’ फोन ठेवला आणि मी त्यांचा आणि आणखी पाच जणांचा पहिल्या फेरीचा एमआरआय नव्या सेटिंगवर चालवला. आकडे आले ते दुसऱ्या फेरीइतकेच. बाई दोन वर्षं होत्या तिथेच होत्या. पातळ झालं होतं ते माझं माप.

आज साहेबांना म्हटलं, दोन्ही फेऱ्या एकाच आवृत्तीवर, एकाच सेटिंगवर, सगळ्यांच्या पुन्हा चालवायच्या, तोवर एक आकडा बाहेर जाणार नाही. ते म्हणाले, ‘इतना फ़र्क़ तो चलता है. रिपोर्ट परसों जानी है. और आपका कॉन्ट्रैक्ट भी मार्च तक ही है, सोच लीजिए.’ मी म्हणाले, ‘ग़लती मेरी है सर, लिखकर दे रही हूँ. पर साइन नहीं करूँगी.’ लिहून दिलं. त्यांच्या टेबलासमोरूनच बाईंच्या मुलाला फोन लावला आणि चाव्या परत द्यायला सांगितल्या. आईनं ऐकलं तेव्हा ती म्हणाली, ‘हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतलंस?’ नोकरी जायची तर जाऊ दे.

तुम्ही मात्र एकदा सही केली होतीत. मी ओट्यापाशी गणितं सोडवत होते, तुम्हाला वाटलं मला कळत नाही. आईला हळू आवाजात सांगितलंत, कारखान्यातल्या साहेबांनी दम दिला म्हणून झिजलेलं चाक पास केलं. ते चाक चाललं, कुणाला काही झालं नाही, पण त्या दिवशी तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. तेव्हापासून मी मनातल्या मनात तुम्हाला कमी लेखत आले, तुमच्या आजारपणातसुद्धा. ते तुम्हाला कधी कळू दिलं नाही, एवढंच.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. बाईंचा फोन आज आला नव्हता, गुरुवारी आला होता, आणि आकडेही गुरुवारीच संध्याकाळी कळले होते. चार दिवस मी मार्चचा विचार करत गप्प बसले, आणि ते चार दिवस बाई घरात बसून होत्या.