यांच्या अभ्यासाचं पुस्तक मी निवडलं

३ फेब्रुवारी, सोमवार

मालकांनी आज यांना सांगून टाकलं — सर्टिफिकेट आणा, नाहीतर काउंटरवर बसा! दुकानाला मोठ्या हॉस्पिटलचे सगळे कॉम्प्युटर सांभाळायचं काम मिळालंय. पण हॉस्पिटलची अट अशी की टेक्निशियनची परीक्षा पास झालेल्या माणसानेच मशीनला हात लावायचा. यांनी उभा जन्म त्या दुकानात काढला. मेलेली मशीनं उठवून बसवली. आणि आता पावत्या फाडायच्या? परीक्षा मार्चमध्ये.

घरी आले. जेवताना काहीतरी पुटपुटले. "काय?" म्हटलं, तर "काही नाही." तोंडातल्या तोंडात बोलायचं आणि विचारलं की काही नाही! लग्न ठरलं तेव्हा फार गोड वाटायचं ते.

परीक्षेचं नाव काढलं की या माणसाला घाम फुटतो. म्हटलं, घाबरू नका, काय वाचायचं ते मी निवडते. छापखान्यात बांधणी खात्यात आहे मी, पुस्तकातलं मला नाही कळणार तर कुणाला?

६ फेब्रुवारी, गुरुवार

कामावरून सुटल्यावर दोघं पुस्तकांच्या दुकानात. हे आपले आतली चित्रं बघत उभे. मी एकेक पुस्तक घेऊन मधोमध उघडलं, पाठ दाबून पाहिली. पहिलं — नुसता गोंद फासलेला! परीक्षेच्या आधीच पानं घरभर. दुसऱ्याचा कागद इतका पातळ की मागचा धडा पुढे दिसतो. तिसरं मात्र! जुजबंदी — घडी घातलेल्या पानांचा एकेक फर्मा दोऱ्याने शिवलेला, कापडी पाठ, उघडलं की पसरून पडतं, दाबून धरायला नको. असं काम आजकाल करतंय कोण!

दुकानदार म्हणाला, "ताई, आत काय लिहिलंय ते तरी बघा." मी म्हटलं, "शिवणारा इतका चोख, तर लिहिणारा काय कमी असेल?" हे हसले. सोमवारपासून पहिल्यांदाच.

९ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन, नोकरीच्या गावाहून. "आई, पुस्तकं कसली घेताय! एका मास्तरांचे व्हिडिओ आहेत. घोटून घोटून शिकवतात. आवाज तर खणखणीत!" यांनी लगेच फोन टेबलावर उभा करून लावला. कसला खणखणीत? तोंडात गुळणी धरून बोलल्यासारखं! म्हटलं, बंद करा, असल्या मास्तराचं काय डोंबल कळणार? हे काहीतरी बोलायला गेले, मग मुकाट्याने बंद केलं. गुणी आहेत.

व्हिडिओ बाद. पुस्तक पक्कं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला धडा मी मोठ्याने वाचून दाखवला. तिसऱ्या पानावर हे ढाराढूर!

१५ फेब्रुवारी, शनिवार

कपाळ माझं! ते देखणं पुस्तक जुन्या अभ्यासक्रमाचं निघालं. आज यांनी फ्लॉपीच्या धड्यावर बोट ठेवलं — "अगं, हे मी वापरलं तेव्हा लेक रांगत होती." त्यानंतर परीक्षा कुठल्या कुठे गेली, आणि मी शिवण बघत बसले! इतकं कोरं राहिलं होतं ते उगीच नाही, कुणी हातच लावला नव्हता. एवढे दिवस वाया घालवले यांचे.

हे म्हणाले, "राहू दे गं. बांधणी मात्र फर्स्ट क्लास आहे." आणि कापडात गुंडाळून कपाटात जपून ठेवलं. आता अशा माणसावर चिडायचं तरी कसं?

१९ फेब्रुवारी, बुधवार

नव्या अभ्यासक्रमाचं आणलं — तेच, गोंद फासलेलं. यावेळी आधी अनुक्रमणिका काढून परीक्षेच्या विषयांशी ताडून पाहिली. जोडीला प्रश्नसंच घेतला. पुस्तक छापखान्यात नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत कडेने भोकं पाडून दोऱ्याने शिवलं. आता पान हलायचं नाही. खात्यातल्या बायका म्हणतात, "लोक नवऱ्याला स्वेटर विणतात, तू पुस्तक शिव!" शिवीन. माझा नवरा, माझा दोरा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

प्रश्नसंच काढला. मी विचारायचं, यांनी सांगायचं. ग्राहक म्हणतो कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो, आधी काय कराल? "उघडीन." प्रिंटर अडकतोय? "उघडीन." पडदा काळा? "उघडीन!" आणि पुस्तकाचं प्रत्येक वेळी एकच — आधी माणसाला विचारा. काय होतंय, कधीपासून, त्याआधी काय बदललं? मग अंदाज करा, मग हत्यार घ्या. आपल्या हातातलं नसेल तर जाणकाराकडे सोपवा. हे म्हणतात, "विचारायचं काय त्यात? उघडलं की दिसतंच." अर्धा पेपर असल्याच प्रश्नांचा! याच्यावरच गडगडणार हे.

भांडणही झालं. उत्तरं अशी पुटपुटतात की मला पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. "जरा नीट बोला की!" "नीटच बोलतोय." आणि मग एकदम ओरडले. मला ओरडलेलं मुळीच खपत नाही. कुकर आपटला मी.

२६ फेब्रुवारी, बुधवार

चोरी पकडली! जिन्यात बसून, कानात इयरफोन घालून, त्याच गुळणीवाल्या मास्तरांचे व्हिडिओ! मी हाताने पुस्तक शिवून दिलं आणि हे असे लपूनछपून. फार लागलं मला.

"वाचलेलं माझ्या डोक्यात शिरत नाही गं. कुणी समजावून सांगितलेलं शिरतं. तू एवढ्या हौसेने निवडलंस, म्हणून बोललो नाही."

"अहो, पण ते मास्तर पुटपुटतात!"

"नाही पुटपुटत."

"मग तुमचा फोन बिघडलाय."

झालं! गेला हात स्क्रू ड्रायव्हरकडे.

२ मार्च, रविवार

फोन उघडला. दोष नाही. लेकीने दिलेला स्पीकर उघडला. त्यातही नाही. जोडून पुन्हा मला ऐकवलं, तरी आपलं तेच. यांनी एकेक स्क्रू परत बसवला आणि माझ्याकडे नुसते बघत बसले. "माझ्या तोंडाला काही लागलंय का?" म्हटलं. "नाही गं."

मग तह झाला. धडे यांनी मास्तरांचे ऐकायचे, प्रश्न मी पुस्तकातून विचारायचे, आणि चार पर्यायांतल्या बरोबर उत्तराचा नंबर यांनी बोटांनी दाखवायचा. युक्ती यांचीच. भांडण पार मिटलं. तीन बोटं नाचवत समोर बसलेला नवरा इतका गोड दिसतो की प्रश्न विचारायचं विसरायला होतं.

८ मार्च, शनिवार

गुरुवारी शेजारच्या वहिनी बंद पडलेला मिक्सर घेऊन आल्या. यांचा हात निघाला हत्याराकडे. मी डोळे वटारले. हात मागे घेतला आणि शहाण्या मुलासारखं विचारलं — काय होतंय? कधीपासून? त्याआधी काय बदललं? वहिनी म्हणाल्या, ओट्यावरचा प्लग परवाच नवा बसवलाय. मिक्सर आमच्याकडे लावला तर सुरळीत! प्लगच खराब. उघडावं लागलंच नाही.

तेव्हापासून हे हवेत. दिसेल त्याला विचारत सुटलेत. दूधवाल्याचं तोंड उतरलेलं दिसलं तर त्यालाही, "कधीपासून?" तो बिचारा घरचं सगळं सांगत बसला, दूध उन्हात.

१४ मार्च, शुक्रवार

उद्या परीक्षा. शर्टाला इस्त्री केली. हे शांत आहेत, धडधड मलाच.

१५ मार्च, शनिवार

पास!! निकाल तिथल्या तिथे पडद्यावर आला. हे खालपासून ओरडतच जिना चढले म्हणे. वहिनी बाहेर आल्या, वरचे काका खाली आले. मी आपली आत भांडी लावत होते. हे समोर येऊन दोन्ही अंगठे नाचवायला लागले तेव्हा मला कळलं. रडले, हसले, साखर तोंडात घातली. सोमवारपासून हॉस्पिटलचं काम यांच्याकडे. काउंटरवर बसायला नको!

१६ मार्च, रविवार

सकाळी हे खुर्ची ओढून अगदी समोर बसले. माझा हात हातात घेतला. सावकाश, माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "तुला कधीपासून कमी ऐकू येतंय गं?"

आधी चिडले. मग रडले. मग सांगितलं — छापखान्यात घडी घालायचं ते खडखडणारं नवीन मशीन आलं तेव्हापासून. मला वाटायचं, लोकच हळू बोलायला लागलेत.

"हे मला उघडता यायचं नाही," म्हणाले. "हॉस्पिटलात कानाचे डॉक्टर आहेत. उद्या माझ्याबरोबर चल."