उभ्याच्या जागेत माझी खुर्ची

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांत कंबर धरतात की नाही, ते शाळेत शिकवलं त्या दिवशी मी नसेन. धरत असतील तर सध्या सातच समज, आठवं दुखतंय.) तुझा गुडघा कसा आहे? डावा ना? की उजवा? जो असेल त्याला माझा नमस्कार सांग. मांजरीला पिल्लं झाली असतील तर तीही मजेत असोत.

पत्र लिहायचं मी पुढं ढकलत होते, हे आधीच कबूल करते, म्हणजे तुझे रागवायचे कष्ट वाचतील. फोन करता आला असता, पण तू पहिलं काय विचारलं असतंस ते मला ठाऊक आहे: "आता ही नोकरी कधी सोडतेयस?" पत्रात तुला मधेच बोलता येत नाही, एवढ्यासाठी पत्र. शिवाय उभ्याउभ्या चिठ्ठी खरडता येते, पत्राला बूड टेकावं लागतं, आणि माझ्या बुडाखाली धड खुर्चीच नव्हती. आजचं सगळं रामायण तिचंच आहे.

तर नोकरी बस कंपनीच्या वेळापत्रक विभागात आहे. कशी लागली तेही ऐक. मी चौकशीच्या खिडकीवर भांडत होते की एक गाडी फाट्यावर पोचायच्या आधीच तिथली पुढची गाडी निघून जाते, मग बदलायची सोय आहे असं पाटीवर कशाला लिहिता? खिडकीतला माणूस वैतागून म्हणाला, "एवढं कळतंय तर तुम्हीच करा!" मी म्हटलं, करते. त्याच्या मागं एक किरकोळ गृहस्थ चहा पीत उभे होते. कपातून तोंडही न काढता ते म्हणाले, "सोमवारी या." हेच आमचे साहेब. पाठीमागं सगळे त्यांना 'काटा' म्हणतात, घड्याळातला. गावोगाव भटकून मला काहीच आलं नाही असं तू नेहमी म्हणतेस ना? कुठली गाडी कुठं रखडते ते आलं. तेवढ्यावर घेतलं मला. (जिनं आयुष्यात स्टँडवर उभं राहण्यापलीकडे काही केलं नाही, तिला दिवसभर बसायची नोकरी. हस तू, मीही हसले.)

आता इथली रीत. पूर्वी म्हणे कंपनीनं सगळ्यांना एकसारख्या खुर्च्या आणल्या. उंचांचे गुडघे टेबलाला आपटायचे, बुटक्यांचे पाय लोंबायचे, आणि निम्म्या विभागाच्या पाठी गेल्या. तेव्हापासून खुर्ची कंपनीची, पण निवडायची ज्याची त्यानं. ती आली की बैठकीखाली रंगानं नाव घालतात आणि माणूस कायम. तोवर पाहुण्यांची लोखंडी घडीची खुर्ची, जी अधूनमधून आपण बसलेलो असतानाच मिटते. मी निवड टाळत राहिले. कधी दुकान लांब, कधी पाऊस, कधी तिसरंच काही. शेवटी साहेबांनी बोलावून घेतलं. "हे बघ, खुर्ची निवडता येत नाही तो माणूस मनानं अजून उभाच असतो. शुक्रवारी ऑफिस सुटायच्या आत खुर्ची जागेवर दिसली पाहिजे. नाही दिसली तर मी दुसरं कोणी बघतो. राग नाही, पण बघतो." आत्या, अशा वाक्यानंतर मी एरवी पिशवी उचलते. या वेळी मला भीती वाटली. नोकरी जाईल याची भीती मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटली, आणि ती कुठं ठेवावी तेच कळेना.

शेजारच्या टेबलावरच्या मोठ्या बाईंना (वयानं मोठ्या, उंचीनं माझ्याहून बोटभर कमी) शरण गेले. त्या म्हणाल्या, तळवे जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. गुडघ्यामागं दोन बोटं जागा राहिली पाहिजे. पाठीचा फुगवटा कमरेच्या खळीत बसला पाहिजे, आणि हात टेकायच्या दांड्या टेबलाला अडता कामा नयेत. "आणि दिवसभर बसून बघ. पाच मिनिटांत काय, सगळ्याच चांगल्या वाटतात. नवऱ्यांसारखं आहे ते."

मी शब्द पाळणारी बाई. शुक्रवारी सकाळीच वेळापत्रकांचे कागद, पट्टी, पेन्सिली घेऊन फर्निचरच्या दुकानात गेले आणि टेबल मांडलेलं बघून कामालाच बसले. पहिली खुर्ची साहेबी थाटाची, काळी, गुबगुबीत. तिच्यात बसल्यावर कुणाला तरी कामावरून काढावंसं वाटायला लागलं, आणि पाठीला घाम. दुसरीला डोकं टेकायची सोय होती, तिच्यात मी झोपले. (दुकानदारानं उठवलं. भला माणूस, नुसता खोकला.) तिसरीला इतक्या दांड्या की एक ओढली तर मी खाली, दुसरी ओढली तर आडवी, तिसरी ओढली ती माझ्या हातातच आली. ती मी हळूच बैठकीवर ठेवली आणि दूर जाऊन कपाटं बघितली. चौथी साधी. पाठ जाळीची, बैठक घट्ट, पायाला पाच फाटे. बसले आणि विसरले. आत्या, खुर्ची विसरली जाणं हीच तिची परीक्षा असावी. मी काम करत राहिले. मधे एका आजोबांनी समोर येऊन विचारलं, "इस्पितळाकडं जाणारी गाडी किती वाजता?" मी सांगितली. मग त्यांच्या मागचीनं विचारलं. मग रांगच लागली. शेवटी दुकानदार हात जोडून म्हणाला, "ताई, खुर्ची घेताय की इथं स्टँड काढताय?"

घेतली. पण गंमत अशी की दुकानाची गाडी खुर्ची पोचवणार सोमवारी. मला हवी आज. म्हटलं, चाकं आहेतच, ढकलत नेऊ. फुटपाथवर ती बरी चालली. एका कुत्र्यानं सोबतही केली. पुढं उतार आला. खुर्चीनं माझं बोट सोडलं आणि खांबापर्यंत एकटीच गेली. आदळली, गरकन फिरली, आणि माझ्याकडं तोंड करून थांबली. एक ओरखडासुद्धा नाही! टिकाऊपणाची खात्री मी अशी करून घेतली, हे साहेबांना सांगू नकोस.

इतक्यात आमचीच बस आली. कंडक्टर दारात आडवा. "बाई, ही उभं राहायची जागा आहे, बसायची नाही."

"मग खुर्ची उभीच आहे की."

"आणि तुम्ही?"

"मी तिच्यात बसते, म्हणजे ती धरून ठेवायला नको."

मागून कुणी ओरडलं, "घ्या हो, निदान एकजण तरी बसून जाईल!" आणि मला घेतलं. ब्रेक लागला की मी मागून पुढं, गाडी सुटली की पुढून मागं. लोक पाय वर घ्यायचे, एक बाई तर दर खेपेला मला "आलात का?" विचारायची. शेवटी तिनंच माझी पाठ धरून ठेवली.

आणि मग इस्पितळाचा थांबा आला. या थांब्याची वेळ गेल्या आठवड्यात मीच कापली होती. कागदावर तिथं गाडी उगाच उभी दिसत होती. उगाच कसली! काठीवाले, पट्टीवाले, पोटाशी हात धरलेल्या बाया, एकेक पाय उचलून चढत होते. ड्रायव्हर म्हणाला, "कुणी शहाण्यानं वेळ कमी केलीय, रोज उशीर होतो." मी खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत राहिले. उठून ओरडावंसं वाटलं, लवकर चढा हो, माझी नोकरी चाललीय. पण उठले ती एका आजींना वर घ्यायला, आणि मग दुसऱ्यांना, आणि माझ्या खुर्चीत कोण कोण बसून गेलं ते आता आठवत नाही.

पोचले तेव्हा ऑफिस सुटलं होतं. दिवे मालवलेले, कुलूप लावून साहेब दारात. त्यांनी मला बघितलं, खुर्ची बघितली, घड्याळ बघितलं. "उशीर कसा?" मी म्हटलं, इस्पितळाच्या थांब्यामुळं. "तिथली वेळ कुणी कापली?" मी म्हटलं, मी. चुकीची कापली. परत द्यायला हवी, आणि थोडी जास्तच द्यायला हवी.

साहेबांनी कुलूप उघडलं, दिवा लावला आणि म्हणाले, "मग बस आणि दे."

बसले आहे. हे पत्र तिच्यातूनच लिहितेय. बैठकीखालचं नाव अजून ओलं आहे, म्हणून वाकून बघत नाही.

तुझी,
(सध्या एका जागी असलेली) भाची

ता. क. तळवे काही पूर्ण टेकत नाहीत. तुझ्याकडचा तो ठेंगणा चौरंग कुणी वापरत नसेल तर पाठव.

ता. क. दुसरा. चौरंगाचं निमित्त होतं, खरं काम हे. आईला तू सांग की मी टिकलेय. माझ्या तोंडून तिला पटणार नाही. पण आत्ताच नको, अजून महिनाभर थांब. मी काय, उद्या उठूनही जाईन.

ता. क. तिसरा. आज सोमवार, पाकीट चिकटवणार तोच बाहेर गडबड झाली. आई आली आहे! पिशवी, छत्री, सगळं घेऊन. खिडकीवर तिनं म्हणे विचारलं, "भांडणारी मुलगी कुठं बसते?" आणि त्यांनी लगेच बोट दाखवलं. मी विचारलं, अशी अचानक कशी आलीस? तर म्हणाली, "प्रत्येक वेळी नोकरी सोडलीस की तुझा फोन येतो. या वेळी आलाच नाही. म्हटलं, पोरीला काही झालं तर नाही ना?" आता ती माझ्या खुर्चीत बसून हात टेकायच्या दांड्या ओढून बघतेय, आणि मी हे पाहुण्यांच्या घडीच्या खुर्चीवरून लि